दक्षिणेची बंदरं आणि सायलीचे डोहाळे

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरची जुनी बंदरं बघायची असतील तर लहान जहाजानं जावं. मोठ्या जहाजात हजारो माणसं असतात आणि बंदर दिसायच्या आधी जेवणाची रांग दिसते. लहान जहाजात तीसएक माणसं आणि एकच जेवणघर. डेकवर उभं राहिलं तर धक्क्यावरच्या माणसाच्या हातातल्या कपावरचं चित्रसुद्धा दिसतं. परत आल्यापासून मी हे सगळ्यांना सांगते आहे. शक्यतो एकटीनं जावं, एवढं मात्र सांगत नाही. ते इथे लिहून टाकते.

मी हेन्डरसनला राहते, ऑकलंडच्या पश्चिमेला. शिकायला आले, नोकरी लागली, राहिले. आई पुण्याहून पहिल्यांदाच येणार होती, सहा महिन्यांसाठी. बाबा मी कॉलेजात असताना गेले आणि त्यानंतर आईनं स्वतःच्या हौसेनं कुठलाच प्रवास केला नव्हता. तिला उत्तर युरोपातली जुनी बंदरं बघायची होती. बर्गन, टॅलिन, ल्यूबेक. कुठल्याशा मासिकातला पाण्याकाठच्या रंगीत लाकडी घरांचा फोटो कापून तिनं कपाटाच्या दाराला आतून चिकटवला होता. तेवढं लांबचं मला जमण्यासारखं नव्हतं. पण इथे ब्लफपासून लिटल्टनपर्यंत बंदरं घेत जाणारं एक लहान जहाज सापडलं, आठवडाभराचं. मी दोघींसाठी एक केबिन घेतली. आधी आठवडाभर समुद्र, मग राहिलेले सगळे महिने हेन्डरसनला, मी आणि आई.

फोनवर सांगितलं तेव्हा आई फार खूश झाली. दुसऱ्या दिवशी तिचाच फोन आला.

"अनू, सायलीलाही घेऊ या का गं? पाचवा लागलाय तिला. निलेश सारखा कामावर. बिचारीला दुसरं कोण आहे?"

सायली माझी मावसबहीण, माझ्याहून चार महिन्यांनी मोठी. नवऱ्याबरोबर, निलेशबरोबर, वेलिंग्टनजवळ पोरिरुआला राहते. तिची आई, माझी मावशी, वारली त्याला दोन वर्षं झाली.

"ऑफ कोर्स," मी म्हणाले. "का नाही?"

अशा वेळी माझा आवाज फार छान येतो. ऑफिसात कुणी माझी ठरलेली सुट्टी मागितली तरी असाच येतो.

ब्लफ

ब्लफ म्हणजे दक्षिण बेटाचं टोक. रस्ता संपतो तिथे एक खांब आहे आणि त्यावर लंडन, न्यूयॉर्क, दक्षिण ध्रुव इथून किती लांब, ते सांगणारे पिवळे बाण. गावात मासळीचा वास, गंजलेल्या होड्या आणि असा वारा की तोंड उघडलं तर शब्द मागे ढकलला जातो. मला बरं वाटलं. तिथे कुणीच फारसं बोलू शकत नव्हतं.

फक्त सायली बोलत होती. जहाजावर चढायच्या आधीच तिनं जहाजाच्या स्वयंपाक्याचं गाव, त्याच्या मुलीचं नाव आणि रात्रीचं जेवण काय आहे हे विचारून घेतलं होतं. ती मराठी शाळेत शिकलेली, मी इंग्रजी. आईनं मला इंग्रजी शाळेत घातलं कारण मी जगात कुठेही धीटपणे बोलावं. सायलीला कुणी कशासाठी म्हणून मुद्दाम कुठे घातलं नाही, आणि ती बोलते.

जहाजावर आमच्या दोन केबिन होत्या. दोन पलंगांची मी घेतलेली, आणि एका पलंगाची सायलीसाठी नंतर घेतलेली. आईनं दोन्ही पाहिल्या. मग माझी बॅग उचलून ती एकटीच्या केबिनमध्ये ठेवली.

"रात्री हिला उलटी झाली तर कोण बघणार? तुला काय, तू शहाणी आहेस."

माझ्या केबिनला गोल खिडकी होती, त्यांच्या केबिनला चौकोनी. गोल खिडकीतून समुद्र जास्त चांगला दिसतो असं आई दोनदा म्हणाली.

पहिल्या जेवणाला आमच्या टेबलावर हॅमिल्टनचं एक जोडपं होतं, वेंडी आणि केन. आयुष्यभर गाई पाळल्या, आता फार्म विकून फिरतात. मागच्या वर्षी ते अशाच एका लहान जहाजानं उत्तर युरोपात जाऊन आले होते. वेंडी चमचा वर करून म्हणाली, "बर्गनला ना, पाण्याला लागूनच लाकडी घरं. सगळी एकमेकांवर रेललेली. आमच्या केननं तिथे पहिल्या दिवशीच छत्री हरवली."

आईला इंग्रजी सगळं कळतं, बोलताना अडखळते. तिनं घास खाली ठेवला. "रेड? यलो?" तिनं विचारलं.

"लाल, पिवळी, सगळ्या रंगांची," वेंडी म्हणाली आणि फोनवरचे फोटो दाखवायला लागली. आईनं तो फोन दोन्ही हातांत धरला. मी आईला जे दाखवू शकले नव्हते ते एका हॅमिल्टनच्या बाईनं सूप निवायच्या आत दाखवलं. त्या क्षणापासून मी वेंडीचाही हेवा करायला लागले. प्रवासाचा तो पहिला दिवस होता.

ओबान

ब्लफ आणि स्टुअर्ट बेट यांच्या मधली सामुद्रधुनी उथळ आणि वाईट स्वभावाची आहे. सकाळी कप्तानानं स्पीकरवरून शांत आवाजात सांगितलं की जरा हलेल. जरा म्हणजे कपाटाची दारं आपोआप उघडून आतल्या वस्तू भेटायला बाहेर आल्या.

सायलीला उलट्या झाल्या. आई तिच्या पाठीवर हात फिरवत होती, तिला लिंबू हुंगायला देत होती, "झालं हं, झालं हं" म्हणत होती. भिंत पातळ होती, मला सगळं ऐकू येत होतं. उलट्या मलाही होत होत्या. मी नळ सोडून ठेवला होता, आवाज जाऊ नये म्हणून.

ओबानला जमीन लागली तेव्हा मी चेहरा धुऊन, केस बांधून सगळ्यांत आधी तयार उभी होते. "बघ, हिला काही होत नाही," आई सायलीला कौतुकानं म्हणाली.

ओबान हे बेटावरचं एकुलतं एक गाव. एक हॉटेल, एक शाळा, एक दुकान, आणि अर्धवर्तुळाकार खाडी. गावापासून थोड्या अंतरावर समुद्राकडे तोंड करून लोखंडी साखळीचं एक प्रचंड शिल्प उभं आहे. आमच्या जहाजावरची गाइड मेरे, माओरी, माझ्याच वयाची. तिनं सांगितलं की दक्षिण बेट ही माउईची, त्यांच्या पुराणातल्या वीराची होडी आणि हे स्टुअर्ट बेट तिचा नांगर. ते शिल्प त्या नांगराची साखळी. साखळी खाली, नांगर पक्का, म्हणून होडी कुठे वाहून जात नाही. आई मान डोलावत ऐकत होती. सायलीचा हात तिच्या हातात होता.

दुपारी उल्वा नावाच्या शेजारच्या छोट्या बेटावर जायचं होतं. तिथे उंदीर नाहीत, म्हणून न उडणारे पक्षी माणसांच्या बुटांजवळ बिनधास्त हिंडतात. उंदीर आणि परकं बी जाऊ नये म्हणून होडीत चढण्याआधी सगळ्यांचे बूट ब्रशनं घासतात आणि पिशव्या उघडून बघतात. मेरेनं आईची पर्स उघडली. आतून निघालं ते असं: अडकित्ता, सुपाऱ्या, हळकुंडं, एक हिरवा खण आणि तांदळाची पुरचुंडी. शिवाय तो नारळ, जो निघताना आईनं मला हेन्डरसनच्या इंडियन दुकानातून आणायला लावला होता. मला वाटलं होतं समुद्राला वाहायचा असेल.

"हे काय आहे?" मेरेनं मला विचारलं.

मी तोंड उघडलं. ओटीला इंग्रजीत काय म्हणतात ते मला माहीत नव्हतं. मी म्हणाले, "इट्स... फूड. सॉर्ट ऑफ."

"आमच्याकडे बाळ होणाऱ्या बाईला आशीर्वाद म्हणून हे पदरात घालतात," सायली इंग्रजीत सहज म्हणाली. "मावशी माझं करणार आहे. जहाजावर. नावेतलं डोहाळजेवण!"

मेरेचा चेहरा उजळला. तांदूळ आणि नारळ जहाजावर ठेवून यायला सांगितलं, बाकीचं चालेल म्हणाली. मी आईकडे बघितलं.

"अगं, सरप्राइज होतं," आई म्हणाली. "चांदण्यातलं करतात, बागेतलं करतात, तसं नावेतलंही करतात. तिच्या आईची फार इच्छा होती. इथे खरीखुरी नाव मिळाली आपल्याला, अजून काय पाहिजे? सातव्यात करायचं असतं, पण सातव्यात हे जहाजवाले घेत नाहीत. म्हणून पाचव्यातच."

उल्वाचं जंगल हिरवं, ओलं आणि अतिशय सुंदर आहे. एक छोटा काळसर पक्षी माझ्या बुटाची नाडी ओढत होता. मला त्यातलं फार थोडं दिसलं. मी आईसाठी आखलेला प्रवास हे सायलीचं डोहाळजेवण होतं आणि नारळ मीच वाहून आणला होता, एवढंच डोक्यात फिरत होतं.

पोर्ट चामर्स

ओटॅगोच्या खाडीत शिरताना डाव्या हाताच्या टोकावर अल्बट्रॉस पक्ष्यांची वस्ती आहे. अल्बट्रॉस उडतो म्हणजे पंख पसरतो आणि बाकीचं काम वाऱ्यावर सोडतो. केन आपल्या दुर्बिणीतून बघू देत होता. तो कमी बोलतो, त्यामुळे मला तो आवडायला लागला होता.

पोर्ट चामर्स हे दगडी चर्च आणि चढाच्या गल्ल्यांचं जुनं गाव. गोठवलेलं मांस भरून पहिलं जहाज इथूनच विलायतेला गेलं आणि हा सगळा देश त्यावर उभा राहिला. आता धक्क्यावर लाकडाच्या ओंडक्यांचे डोंगर आहेत, हवेला ताज्या सालीचा वास. एका केकच्या दुकानात आम्ही चीज रोल खाल्ले. पावाची पातळ चकती, आत चीज आणि कांदा, गुंडाळून भाजलेली. आईनं पर्समधून लसणीची चटणी काढून त्यावर भुरभुरली आणि दुकानदारीण बाईलाही चाखवली. तिला ठसका लागला. मग तिनं आणखी मागितली.

जेवणाचं सांगायचं तर शाकाहारी लोकांना जहाजावर रोज भाजलेला भोपळा मिळायचा. कधी चौकोनी, कधी लांबट. सायलीला तो वासच सहन होईना. त्या संध्याकाळी आई सरळ स्वयंपाकघरात गेली, आणि अर्ध्या तासानं सायलीसमोर मऊ वरणभात आला, वर तूप, कडेला लिंबाची फोड. माझ्यासमोर भोपळा.

"तुला हवा होता का गं?" आईनं विचारलं. "थोडासाच टाकला होता."

"नको. आय लाइक पम्पकिन."

सायली डोळे मिटून जेवत होती. अर्ध्यात थांबून म्हणाली, "मावशी, तू इथून थेट माझ्याकडेच चल ना. निलेश आठवड्यातले चार दिवस बाहेर असतो. मला घरी गेल्यावर भीती वाटते एकटीला."

माझा काटा भोपळ्यात रुतला. जहाजातून उतरल्यावर ख्राइस्टचर्चहून आईचं तिकीट माझ्याबरोबर ऑकलंडचं होतं. घरी तिच्यासाठी मी नवीन गादी घेतली होती, तिच्या खिडकीतून आवारातलं लिंबाचं झाड दिसावं म्हणून पलंग फिरवला होता. तिला कसलं काम पडू नये म्हणून सगळं करून ठेवलं होतं.

आई माझ्याकडे बघत होती. मला वाटलं, ती म्हणेल, अगं पण मी अनूकडे आले आहे.

"बघू," आई म्हणाली.

ओअमारू

ओअमारूचं बंदर जुनं आणि हट्टी. उघड्या समुद्रात बांध घालून माणसांनी ते जबरदस्तीनं बनवलं. गावात धान्याच्या व्यापारावर श्रीमंत झालेल्या लोकांनी पांढऱ्या दगडाच्या बँका आणि गोदामं बांधली, खांबांवर पानाफुलांची नक्षी. मग व्यापार दुसरीकडे गेला. पैसा नव्हता म्हणून कुणी काही पाडलं नाही, म्हणून सगळं शिल्लक राहिलं. आता तिथे पुस्तकबांधणीवाले आणि बेकरीवाले बसतात. वेंडीनं जाहीर केलं की टॅलिन असंच आहे, फक्त जास्त जुनं. आईनं एका पांढऱ्या खांबावर हात ठेवला आणि म्हणाली, "मग झालं की. बघितलं टॅलिन." ती खरंच समाधानी दिसत होती. हे वाक्य तिनं मला म्हणावं असं मला वाटत होतं. ती वेंडीला म्हणाली.

अंधार पडताना तिथे निळे पेंग्विन समुद्रातून परत येतात. विटेएवढी उंची. लाट त्यांना घोळक्यानं किनाऱ्यावर टाकते, ते उठतात, अंग झटकतात आणि दगडांवरून धडपडत आपापल्या बिळाकडे जातात. बिळातून पिल्लं ओरडत असतात. आलेला पेंग्विन इतक्या गोंगाटात आपलंच पिल्लू ओळखतो, असं तिथल्या माणसानं सांगितलं.

बाकावर माझ्या एका बाजूला केन होता, पलीकडे आई आणि सायली एकाच शालीत. त्या हळू आवाजात डोहाळ्यांची गाणी आठवत होत्या. एकीला ओळ सुचली नाही की दुसरीला सुचायची. मला त्यातलं एकही येत नव्हतं. आईनं मला ती कधी शिकवली नव्हती, कारण मी संध्याकाळी इंग्रजी उच्चारांचे, फोनिक्सचे धडे करत असायचे.

"तुझी बहीण आणि आई अगदी सारख्या हसतात," केन म्हणाला.

"कझिन," मी म्हणाले.

अकारोआ

अकारोआला फ्रेंच लोक येऊन वसले, थोडक्यात उशीर झाला म्हणून देश इंग्रजांचा झाला. गल्ल्यांची नावं अजून फ्रेंच आहेत. खाडी म्हणजे जुन्या ज्वालामुखीचं तोंड, त्यात समुद्र शिरलेला. पाणी तळ्यासारखं शांत. डोहाळजेवण इथेच करायचं ठरलं.

सकाळी आई मला म्हणाली, "चल, जरा पाय मोकळे करू." फक्त मला. मी धावत जॅकेट घेतलं.

लाकडी घरं, पांढरी कुंपणं, आणि कुंपणांबाहेर वाकलेली फुलं. निळी हायड्रेंजिया, गुलाब, लॅव्हेंडर. दुसऱ्या वळणावर आईनं पर्समधून प्लास्टिकची पिशवी काढली तेव्हा माझ्या लक्षात आलं. पुण्यात सकाळी फिरायला जाणारं अर्धं गाव लोकांच्या कुंपणावरून हात घालून पूजेची फुलं तोडतं, आणि त्याला कुणी चोरी म्हणत नाही.

"आई, नको. इथे असं नाही चालत."

"बाहेर आलंय ते झाड. रस्त्यावरचं आहे."

"आई, प्लीज."

"सायलीच्या दागिन्यांना फुलं नकोत? मुकुट कशाचा करू, भोपळ्याचा?"

तिसऱ्या गुलाबाला दार उघडलं. शॉर्ट्स आणि जँडल्स, म्हणजे रबरी सपाता, घातलेले एक आजोबा बाहेर आले. "काही मदत करू का?" त्यांनी विचारलं. हे वाक्य इथे लोक मदत करायची नसते तेव्हाच वापरतात.

मी सॉरी म्हणाले, परत सॉरी म्हणाले. आई मात्र पुढे झाली, प्रसन्न हसली, "किया ओरा," असा माओरी नमस्कार केला, आणि पोटावर हात गोल फिरवून, "फॉर बेबी!"

आजोबांनी आईच्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं आणि मग माझ्या पोटाकडे. त्यांचा चेहरा पार बदलला.

"ओह, कन्ग्रॅच्युलेशन्स, लव्ह!" ते मला म्हणाले.

मी खरं सांगायला हवं होतं. पण एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच कुणीतरी मला विचारत होतं की मी नीट खाते आहे ना, थकत नाही ना. मी "थँक यू" म्हणाले. आजोबांनी कात्री आणून आईची पिशवी भरून दिली आणि मला वेगळा एक गुलाब दिला.

"आवडलं का गं तुला?" परतताना आईनं विचारलं. ती हसू दाबत होती. मीही हसले. मग तिनं तो गुलाबही पिशवीत टाकला, मुकुटाच्या मधोमध लावायला.

दुपारी डेकवर खुर्ची मांडली. सायली हिरव्या साडीत, डोक्यावर गुलाबांचा मुकुट, दंडाला लॅव्हेंडर, हातात मेरेनं बनवलेलं फुलांचं धनुष्य. दूर पाण्यात ठेंगणे डॉल्फिन वर-खाली होत होते. अख्खं जहाज जमलं होतं. पेढा आणि बर्फी नव्हती, म्हणून स्वयंपाक्यानं दोन वाट्यांखाली फज, म्हणजे इकडची दूध-साखरेची वडी, आणि केक झाकून दिले. सायलीनं फजवरची वाटी उचलली. फज म्हणजे मुलगा की मुलगी, यावर मराठीत आणि इंग्रजीत वाद झाला.

मग ओटी. आईनं ताट तयार केलं: खण, नारळ, तांदूळ, सुपारी, हळकुंड. ताट तिनं वेंडीच्या हातात दिलं आणि स्वतः दोन पावलं मागे सरकली.

"ही भरेल," आई मला म्हणाली. "आपल्या टेबलावर दुसरी सवाष्ण तीच. तिला सांग कसं करायचं ते."

सायलीनं सवाष्ण म्हणजे काय ते वेंडीला सांगितलं, नवरा हयात असलेली बाई.

"आहे अजून हयात," केन मागून म्हणाला. सगळे हसले.

वेंडी ताटाकडे बघत राहिली. मग सरळ माझ्याकडे वळली, कारण मी सगळ्यांत जवळ होते. "पण तुझ्या आईनंच का नाही करायचं? सगळं तिनंच तर केलं आहे."

ते मी इंग्रजीत सांगायचं होतं. माझे वडील वारले म्हणून माझ्या आईचे हात चालत नाहीत. वाक्य मनात पूर्ण तयार झालं, व्याकरणासकट, आणि मला ते तोंडातून काढता येईना. आई दोन पावलं मागे, हात पोटाशी बांधून उभी होती. बाबा गेल्यापासून प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशाला ती अशीच दोन पावलं मागे उभी असते.

"आई, तूच भर," मी म्हणाले.

"अनू, असं नसतं."

"इथे असतं. मी सांगते ना. तूच भर."

माझा आवाज बराच मोठा आला असावा, कारण डेकवरचे सगळे वळून बघायला लागले. सायलीनं पदर पुढे पसरला. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. आईनं माझ्याकडे बघितलं, मग वेंडीच्या हातातून ताट घेतलं. ओंजळ भरताना थोडे तांदूळ डेकवर सांडले. सायलीनं वाकून नमस्कार केला आणि आई तिला धरून रडायला लागली. कितीतरी वेळ.

मी हळदीकुंकवाची वाटी धरून उभी होते. जे केलं ते बरोबर केलं, याची मला खात्री होती. आणि तरी मला दिसत होतं की मीच आईला उचलून सायलीच्या पदरात घातलं होतं.

लिटल्टन

लिटल्टन हे शेवटचं बंदर. इथे उतरलेले पहिले गोरे लोक सामान पाठीवर घेऊन समोरचा डोंगर चढून गेले आणि पलीकडे ख्राइस्टचर्च वसवलं. टेकडीवर एक दगडी मनोरा आहे. पूर्वी दुपारी ठरल्या वेळी त्याच्या दांड्यावरून एक मोठा गोळा खाली सोडत, तो बघून बंदरातली जहाजं आपली घड्याळं लावत. भूकंपात मनोरा कोसळला, लोकांनी त्याच दगडांनी परत उभा केला.

सायली खाली एका कॅफेत बसली. आई आणि मी वर चढलो. आई दमून कठड्याला टेकली.

"मी हिच्याबरोबर जाते, अनू. तिकीट बदलून देशील?"

"हो."

"तुला चालेल ना?"

माझा तो छान आवाज घशापर्यंत आला. खाली आमचं जहाज दिसत होतं, बोटाएवढं.

"नाही," मी म्हणाले. "नाही चालणार."

आईनं मान वळवली.

"मला काहीच नाही आवडलं. केबिन नाही आवडली. मलाही उलट्या झाल्या होत्या. मला भोपळा आवडत नाही."

"अगं, मग बोलायचं नाही का?"

"तू विचारायचं नाही का?"

"विचारलं की! वरणभात हवा का विचारलं, सायलीला घेऊ का विचारलं. तू प्रत्येक वेळी ऑफ कोर्स म्हणतेस. तुझ्या घराचे फोटो पाठवलेस, मला काही काम पडणार नाही म्हणालीस. भांडी मशीन धुतं, भाजी चिरलेली येते. मग मी तिथे सहा महिने काय करू? मला वाटलं, पोरीनं जहाजातून फिरवून आणलं, कर्तव्य केलं. आता तिच्या पायात कशाला घोटाळायचं?"

मी कठड्याकडे बघत म्हणाले, "मला तू हवी आहेस. सायलीला नंतर. सातवा लागला की जा, बाळंतपण कर, बारसं कर. आत्ता माझ्याकडे."

आई म्हणाली, "हे मी नाही सांगणार तिला. तू सांग."

मी खाली गेले. सायली गरम चॉकलेट पीत होती. माझी वाक्यं वर टेकडीवरच संपली होती, म्हणून एवढंच म्हणाले, "आई माझ्याबरोबर येते आहे. सातव्यात तुझ्याकडे पाठवते."

सायलीनं कप खाली ठेवला. "बरं," ती म्हणाली. मग, "रागावलीस?"

"हो. ब्लफपासून."

"मला वाटलंच. पण तू काही बोलेनास, म्हणून मी घेत गेले." तिनं नाक पुसलं. "तुला राग तरी काढता येतो तिच्यावर, अनू. मी कुणावर काढू? आठवडाभर तुझी आई वापरली, तर एवढी जळतेस. मी रोज जळते."

मी तिच्या कपातलं चॉकलेट प्यायले. मला सायलीला एकटं सोडवत नव्हतं आणि आईलाही सोडवत नव्हतं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या, आणि त्यानं हेवा काही कमी झाला नाही.

विमानतळावर सायलीचं वेलिंग्टनचं विमान आमच्या दोन तास आधी होतं. आईनं तिला कुरवाळलं, पिशवीत चटणीचा डबा कोंबला, डॉक्टरकडे कधी जायचं ते दोनदा घोकून घेतलं. नंतर आम्ही दोघी ऑकलंडच्या विमानात बसलो, आई खिडकीपाशी, मी तिच्या शेजारी. माझा पट्टा लावून होतो न होतो तोच तिनं फोन काढला आणि पडद्यावर सायली आली.

"पोचलीस का गं? काही खाल्लंस? वरण लाव, हिंग जरा जास्त घाल. आणि हे बघ..."

हवाई सुंदरी आमच्याकडे बघत होती. मी आईच्या हातातून फोन घेतला.

"सायली, विमान सुटतंय," मी म्हणाले. "ठेव आता. आई माझ्याकडे आहे."

आणि लाल बटण दाबलं.